सणाची खरेदी, दाराशी साठलेला कचरा आणि जवळचं दुकान

सणासुदीच्या खरेदीबद्दल या वेळी इतके प्रश्न आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले पाच निवडलेत, आणि दुसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्तच लिहिलंय कारण तो माझ्याही डोक्यात बरेच दिवस होता.

प्रश्न : ताई, गिफ्टचे कागद मी कधी कचऱ्यात टाकत नाही, रद्दीत वेगळे ठेवते. पण मैत्रीण म्हणाली चमकणारा कागद रद्दीत चालतच नाही. खरं आहे का?

उत्तर : बऱ्याच वेळा खरं आहे. कागद मुठीत चुरगाळून सोडून बघा, गोळा तसाच राहिला तर बहुतेक साधा कागद, आणि आपोआप उलगडायला लागला तर त्यात प्लास्टिकचा नाहीतर मेटलचा थर आहे, तो कागदाबरोबर रिसायकल होत नाही. चमकी लावलेला कागद तर घेऊच नका, नेहमीची चमकी म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, एकदा पाण्यात गेले की परत गोळा करता येत नाहीत. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदीच घातलीये. दुकानातली बिलंसुद्धा रद्दीत नकोत, नखाने ओरखडलं की काळी रेघ उठते ना, तो थर्मल पेपर, म्हणजे उष्णतेने छापला जाणारा, रसायनाचा थर असलेला कागद.

पुठ्ठ्याचे खोके चिकटपट्टी काढून, चपटे करून कोरडे ठेवा, तेलकट किंवा भिजलेला पुठ्ठा सहसा कोणी घेत नाही. पण कागदाचे तंतू दर रिसायकलिंगला आखूड होत जातात, साधारण ५ ते ७ वेळा झालं की त्यातून धड कागद होत नाही, म्हणून आधी परत वापरा आणि मग रद्दीत द्या. गिफ्ट उघडताना फाडू नका, पट्टी सोडवून घडी घालून ठेवा. मी तर भेट ओढणीत नाहीतर रुमालात बांधून देते, ते कापडही समोरच्याच्या उपयोगी पडतं.

प्रश्न : सगळे म्हणतात जवळच्या दुकानातून घ्या. पण डिलिव्हरीची एक गाडी पन्नास घरांना सामान देते आणि मी एका वस्तूसाठी गाडी काढून बाजारात जाते. मग माझंच प्रदूषण जास्त नाही का?

उत्तर : एका वस्तूसाठी एकटी गाडी काढून गेलात तर हो, तुमचंच जास्त होऊ शकतं, आणि हे मान्य केलं पाहिजे. पण चालत गेलात, बसने गेलात, कामावरून येताना वाटेत थांबलात, तर हिशोब पार बदलतो. दुसरीकडे ती डिलिव्हरीची गाडी पूर्ण भरायला वेळ लागतो, आपण "आजच हवं" म्हटलं की सामान एकत्र करायला वेळच मिळत नाही आणि अर्धी रिकामी गाडी पळते. घरी कोणी नसलं की परत फेरी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे परत पाठवणं. कपडे दोन साइझचे मागवायचे, एक ठेवायचा, एक परत, हे आता इतकं सवयीचं झालंय की त्यात काही वाटत नाही, पण परत गेलेली वस्तू कोणीतरी उघडून, तपासून, पुन्हा पॅक करायची असते आणि वस्तू स्वस्त असेल तर तो खर्च परवडत नाही, मग काही माल सरळ फेकला जातो. न विकलेला माल नष्ट करण्याचं प्रमाण इतकं झालं की फ्रान्सला २०२० मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

दुकानात तुम्ही कापड हाताने बघता, घालून बघता, चार हवेत तर चारच घेता, सहाचं पाकीट घेऊन दोन कपाटात पडून राहत नाहीत. आणि दुकानदाराला विचारता येतं. मागच्या वर्षी मी घरबसल्या एक टेबल लॅम्प मागवला, खोक्यात खोका, त्यात थर्माकोल, त्यात बबल रॅप, आणि महिन्याभरात बटण गेलं, पार्ट मिळेना, कंपनीचं म्हणणं नवीन घ्या. शेवटी घराजवळच्या इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत साधं बटण बसवून दिलं. तेव्हा मला कळलं की लॅम्प त्यांनाच विचारून घ्यायला हवा होता, कारण कुठला रिपेअर होतो आणि कुठला नाही हे त्यांना रोजच्या कामातून माहीत असतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जवळ विकलेली वस्तू जवळ बनलेली असेलच असं नाही. गल्लीतल्या दुकानातसुद्धा दुसऱ्या खंडातून आलेला, दोन दिवसांत तुटणारा माल असतो. उलटून बघा कुठे बनलंय, दुकानदाराला विचारा कोण बनवतं, पॅकिंग नको म्हणून सांगा, बहुतेक जण आनंदाने काढून ठेवतात आणि ते खोकं त्यांना दुसऱ्या कामाला येतं. आणि शिंपी, सुतार, कुंभार, बुक-बाइंडिंगवाले यांच्याकडून घ्यायचं असेल तर आठवडाभर आधी जा हो, सणाच्या आदल्या दिवशी गेलं तर त्यांचा जीव जातो.

प्रश्न : कापडी पिशव्या इतक्या झाल्यात की कपाट भरलं. तरी चांगलंच केलं ना?

उत्तर : वापरल्या तर. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ च्या अहवालात हिशोब मांडला होता की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानाच्या बाबतीत बरी ठरायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवायला आणि कापड बनवायलाच खूप खर्ची पडतं. तर आता फुकट मिळाली तरी नवीन घेऊ नका. एक दाराशी, एक पर्समध्ये, एक गाडीत, आणि उरलेल्यांत भेटवस्तू घालून द्या.

प्रश्न : पाहुणे येऊन गेले की डबे भरून अन्न उरतं, दोन दिवसांनी टाकताना फार वाईट वाटतं.

उत्तर : वाईट वाटायलाच हवं. युनायटेड नेशन्सच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालात आहे की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के हॉटेलांतून वगैरे नाही, घराघरांतून. कचऱ्याच्या ढिगाखाली हवा न लागता ते कुजलं की मिथेन होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. किती जण जेवायला आहेत हे आदल्या दिवशी फोन करून नक्की विचारा, संकोच कसला, आणि पाहुण्यांनाच सांगा येताना रिकामा डबा आणा. शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर नको, उथळ भांड्यात काढलं की पटकन गार होतं, फ्रिज ५ अंशांच्या खाली ठेवा. म्हणजे जाताना डब्यात भरून देताना तुम्हालाही खात्री असते.

प्रश्न : घरात हे बोलले की सगळे म्हणतात कंजूषपणा करते. आणि मुलांच्या खेळण्यातल्या संपलेल्या बॅटऱ्यांचं काय करू?

उत्तर : दुसऱ्यांनी दिलेल्या भेटीला कधीही नावं ठेवू नका, त्यांनी प्रेमाने आणलेलं असतं. आपण देतो त्यात बदल करा. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतो, १० जणांनी प्रत्येकाला द्यायचं तर ९० भेटी होतात, एकेक नाव निघालं की १० च, आणि मग त्या एका माणसाला काय हवंय याचा नीट विचार करता येतो, थेट विचारता पण येतं. कंजूष म्हणणारेच दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या कधी टाकायच्या विचारायला लागले.

बॅटऱ्या मात्र कधीच कचऱ्यात नकोत, लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावा, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, आणि देईपर्यंत मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, बटणासारख्या गोल बॅटऱ्या तर खासकरून, कारण पोटात जाताना घशात किंवा अन्ननलिकेत अडकली तर २ तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा, थांबून बघू नका.