झाडांची विचारपूस : पानांवरचा बर्फ

प्रश्न : २०१८च्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही काश्मीरला होतो. ३ नोव्हेंबरला अचानक धो धो बर्फ पडला. नंतर शोपियांच्या वाटेवर सफरचंदाची मोठाली झाडं मधोमध फाटलेली दिसली. बर्फ तर तिथे दरवर्षीचाच. मग त्याच वेळी झाडं कशी मोडली? आणि अशी झाडं वाचतात का?
– एक गृहिणी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, तारखेतच सगळं आलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सफरचंदावर पानं असतात. २१ डिसेंबरला तिथला ४० दिवसांचा कडाका, ‘चिल्लई कलान’, बसतो तोवर झाडाचा सांगाडा झालेला असतो. नुसत्या काडीवर बर्फ बसून बसून किती बसणार? पानं असली की प्रत्येक पान म्हणजे एकेक ताटली! त्यात हा बर्फ शून्य अंशाच्या आसपासचा, ओला. जानेवारीतला भुरभुरीत बर्फ वाऱ्याने झडतो, हा चिकटून बसतो. सुकी चादर आणि बादलीतून काढलेली चादर, यातला फरक वाळत घालायच्या दोरीला विचारा.

आमच्या स्नेहलतागंजातल्या अंगणातला शेवगा दर जूनला पहिल्या वादळी पावसात मोडायचा. मी आपली त्याच्या ठिसूळ लाकडाला नावं ठेवायचे. एका वर्षी शेंगा संपताच छाटला, तर पठ्ठ्या उभा राहिला. सफरचंदवाल्यांना ही सोय नाही. ती पानं पुढच्या बहराच्या कळ्यांना पोसत असतात, छाटणी पानगळीनंतरच. काश्मीरात पुढच्याच वर्षी, २०१९च्या ७ नोव्हेंबरला, पुन्हा तोच प्रकार झाला.

झाड फाटतं ते बहुधा बेचक्यात. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात वाढल्या की मध्ये साल अडकते, लाकूड एकजीव होत नाही. फाट ताजी असेल तर वाचतं. दोन्ही बाजू दोरखंडाने जवळ ओढायच्या, आरपार बोल्ट घालायचा, जखमेला बोर्डो पेस्ट लावायची. आपल्याकडे संत्र्याच्या खोडाला लावतात तीच, मोरचूद आणि चुन्याची. एवढा खटाटोप कशाला? बीपासून वाढवलेल्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधलेलं जुन्या पद्धतीचं कलम फळायला सात-आठ वर्षं लावतं, म्हणून.

बर्फ पडत असतानाच झाडला तर उत्तम. पण बांबू खालून लावून फांदी हलकेच वर उचलायची. वरून बडवलं तर बर्फाने मोडायची राहिलेली आपल्याच हातून मोडते.