प्रश्न तुमचे : चेसिस २०१८ची, इंजिन २००६चं

प्रश्न : माझा २०१८चा बीएस-४ (प्रदूषण नियमांचा टप्पा) ट्रक आहे. सहा सिलिंडर, कॉमन रेल (डिझेल विजेच्या नियंत्रणाने फवारणारी पद्धत). कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच फुटला. नवीन इंजिन परवडत नाही. मिस्त्री म्हणतात, २००६च्या ट्रकातलं मेकॅनिकल पंपाचं कमिन्स ६बीटी मिळतंय, तेच चढवू, सेन्सरची कटकटही जाईल. गाडी इंदूर–मुंबई चालते. चढवावं का?
— एक वाहनमालक, देवास नाका, इंदूर

उत्तर : इंजिन बसेल, तेवढ्यापुरते मिस्त्री बरोबर आहेत. ६बीटी म्हणजे १०२ मिमी बोअर, १२० मिमी स्ट्रोक, ५.९ लिटर. फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकतं ते) ब्रॅकेट बदलले, तेलाचं चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला लागत नाही एवढं पाहिलं, पंखा आणि रेडिएटर यांत अंतर राखलं की ते चेसिसमध्ये उतरतं. प्रश्न पुढे आहे. ज्याला आपण सेन्सरची कटकट म्हणतो, तो ईसीयू (इंजिनाचा संगणक) बरीच कामं गुपचूप करत असतो, आणि तो काढला की ती कामं कोणीच करत नाही.

किल्ली फिरवली तरी इंजिन बंद होणार नाही. पंपाला स्टॉप सोलेनॉइड किंवा स्टॉपची केबल लागेल. तुमचं अ‍ॅक्सिलरेटर पेडल फक्त विजेचा सिग्नल देतं. पंपाचा लिव्हर ओढायला केबल किंवा रॉड स्वतंत्र बसवावा लागेल. आरपीएमचा काटा डायनामोच्या डब्ल्यू टर्मिनलवरून चालवता येतो. जुन्या इंजिनाचा सेल्फ (स्टार्टर) आणि डायनामो १२ व्होल्टचे असतील आणि गाडी २४ची, तर दोन्ही बदला.

घाटाचं मात्र नीट समजून घ्या, कारण तुमची गाडी मानपूर ओलांडून गणेश घाट उतरते. एक्झॉस्ट ब्रेक लावला की सायलेन्सरच्या वाटेत झडप बंद होते आणि त्याच वेळी डिझेलही तोडावं लागतं. तुमच्या ट्रकात ते ईसीयू करतो. जुन्या पंपावर त्यासाठी स्टॉप लिव्हर ओढणारा हवेचा छोटा सिलिंडर असतो. सेकंडहँड इंजिनाबरोबर तो बहुधा येत नाही, आणि मिस्त्री नुसती झडप जोडून मोकळे होतात. मग बंद वाटेत डिझेल जळत राहतं, धूर कोंडतो, इंजिन तापतं, ब्रेक अर्धाच लागतो. उरलेला सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनिंगवर.

वेगमर्यादाही गेली. मालवाहू ट्रकला ताशी ८० किमीची मर्यादा आहे (डंपर-टँकरला ६०). तुमच्या गाडीत ती ईसीयूत असेल, तर वेगळा स्पीड गव्हर्नर आला. पीयूसीला गाडी बीएस-४ म्हणूनच तपासली जाते, धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं एकक), जुन्या गाड्यांची ६५. पंप कॅलिब्रेट करून, नोझल बदलून ५०च्या आत येता येतं. पण युरिया फवारून धूर साफ करणारा एससीआर सायलेन्सर तसाच ठेवलात तर तेलकट धुराने त्याची जाळी बुजते आणि बॅक प्रेशर वाढतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. आरटीओच्या परवानगीशिवाय केलात तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बीएस-४च्या आरसीवर बीएस-२चं इंजिन चढवून घेण्याच्या भरवशावर पैसे गुंतवू नका. अपघात झाला तर इंजिन नंबर जुळत नाही हे विमा कंपनीच्या लक्षात पहिल्यांदा येईल.

आमचं मत : ६बीटी नको. त्याच मॉडेलचं, त्याच बीएस-४चं इंजिन अपघातात टोटल लॉस झालेल्या गाडीतून घ्या. विक्रीचं बिल, मूळ गाडीचे कागद आणि इंजिन नंबरची छाप आधी, आगाऊ रक्कम नंतर.

प्रश्न : त्याच मॉडेलचं इंजिन घेतलं तर काय बदलायचं, काय ठेवायचं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ऑइल कूलर ठेवायचा नाही. ब्लॉक फुटला तेव्हा बेअरिंग आणि पिस्टनचा चुरा तेलाबरोबर कूलरच्या बारीक फटींत जाऊन बसलेला असतो. डिझेलने धुऊन तो निघत नाही. गरम तेल फिरू लागलं की सुटतो आणि नव्या बेअरिंगवर येतो. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) उतरवून उलटा धरा, आपटा, हवा मारा. टर्बो फुटला असेल तर त्यात पंख्याचे तुकडे सापडतील, आणि ते सिलिंडरमध्ये गेले की लायनर गेलाच. टर्बोची तेलाची नळी नवी टाका.

ईसीयू स्वतःच्या गाडीचा ठेवला तर नव्याने आलेल्या इंजेक्टरचे कोड स्कॅनरने त्यात भरून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर तो छापलेला असतो. इंजिन चेसिसमध्ये बसवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बसवल्यावर पाइपांखाली दिसत नाही. कोड न भरता चालवलं तर आयडलला इंजिन हलतं, धूर येतो, आणि लोक बिचाऱ्या पंपाला दोष देतात.

परवानगी आधी, काम नंतर. बदल झाल्यावर १४ दिवसांत आरसीवर नवा नंबर चढवून घ्या.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून क्लचला थरथर आहे. दोन क्लच प्लेटा गेल्या, टॉप गिअरही निसटतो.
— एक चालक, पीथमपूर

उत्तर : तिसरी प्लेट घेऊ नका. फ्लायव्हील हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) क्रँकशी एका रेषेत नाही असं दिसतं. दुसऱ्या ब्लॉकवर जुनी हाउसिंग बसवली की असं होतं. गिअरबॉक्स उतरवा, डायल गेजचं चुंबक फ्लायव्हीलवर लावा, टोक हाउसिंगच्या गोल कडेच्या आतून टेकवा आणि क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.२० मिमीपेक्षा जास्त फिरला तर बोल्ट सैल करून हाउसिंग हलक्या हाताने ठोकून रेषेत आणा, पुन्हा मोजा, मग भोकं रीमरने मोठी करून मोठ्या मापाच्या डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) ठोका. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक जिथे बसतं ती) नवी टाका. गिअरबॉक्स परत चढवताना जॅकवर पूर्ण पेलून ठेवा. त्याचा शाफ्ट प्लेटमध्ये अडकवून गिअरबॉक्स लटकता सोडला, किंवा उरलेलं अंतर बोल्टांनी ओढून मिटवलं, तर प्लेटचा हब तिथेच वाकतो.