वय वाढलं की बसून राहणं आपोआप कमी होतं का?

ताई, तुमचा मुलगा सातवीपर्यंत दिवेलागणीपर्यंत बिल्डिंगखाली हुंदडायचा आणि आता तेराव्या वर्षी कॉटवरून हलत नाही. ‘मोठा झाला की सुधारेल का’, असं तुम्ही विचारलंय. आपोआप नाही. या वयात बसणं वाढतच जातं. मी दादर-परळकडच्या शाळांत वीस वर्षं पीटी शिकवली. पाचवी-सहावीची पोरं घंटेआधीच मैदानात असायची, नववीची भिंतीला टेकून ‘सर, आज पोर्शन पूर्ण करू का?’

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांची हालचाल कमरेला यंत्र लावून मोजली गेली. बाराव्या वर्षी मुलं दिवसाला साधारण ७ तास १० मिनिटं बसून होती, सोळाव्या वर्षी ८ तास ४३ मिनिटं. गंमत म्हणजे कमी झाली ती मुख्यतः हलकी हालचाल, म्हणजे उगाच केलेली ये-जा: साडेपाच तासांच्या आसपास होती, ती चारवर आली.

आपल्याकडे ही ये-जा कुठे गेली ते बघा. चाळीत नळ, गॅलरी, जिना, शेजारच्या काकूंकडून विरजण, यातच पोरगं दिवसभर फिरायचं. टॉवरमध्ये लिफ्ट, खाली पार्किंग आणि ‘खेळण्यास सक्त मनाई’चा बोर्ड. (बोर्ड लावणारे काका लहानपणी तिथेच काचा फोडत होते, ते सोडा.) वाण्याकडची फेरीसुद्धा मोबाइलने खाल्ली. वर आठवीपासून क्लास: शाळेत बसा, रिक्षात बसा, क्लासमध्ये बसा, घरी येऊन गृहपाठाला बसा. याला आळशी म्हणू नका, त्याचं वेळापत्रकच बसायचं आहे.

रविवारी शिवाजी पार्कला कोचिंग लावताय, जरूर लावा. पण नेट्समध्ये पोरं बॅटिंगच्या पाळीसाठी उभीच जास्त असतात, आणि एका रविवारने सहा दिवस भरून निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते, आणि बसणं कमी करा, हे वेगळं सांगते. तासभर खेळणारा मुलगाही उरलेला दिवस खुर्चीत काढू शकतो.

म्हणून आधी फेऱ्या परत द्या. क्लासला चालत, कोथिंबीर-लिंबू त्यानेच आणायचं, दूधही. पाठांतर खोलीत फेऱ्या मारत. मोबाइलचं चार्जर हॉलमध्ये. पहिले काही दिवस तोंड वाकडं होईल, होऊ द्या.

धाकटी दहा वर्षांची आहे म्हणालात, तिच्याकडे आत्ताच लक्ष द्या. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या ७८ टक्के मुलग्यांची हालचाल अपुरी होती, आणि ८५ टक्के मुलींची. माझ्या वर्गात मुली पाळी सुरू झाली की कडेला बसायच्या, आणि घरूनही ‘आता खाली नको जाऊस’ सुरू व्हायचं. तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांशी बोलून संध्याकाळची एक वेळ ठरवा. तिघी असल्या की उतरतात, एकटी नाही उतरत.