बलून की फुगा?

प्रश्न असा आहे: १७८३ साली पॅरिसमध्ये माणसं पहिल्यांदा आकाशात गेली, त्याविषयी लिहिताना 'बलून' म्हणावं की 'फुगा'? आणि 'फुग्यात बसून' हे चालेल का?

माझा कौल बलूनला. 'फुगा' म्हटलं की आपल्याला जत्रेतला दोऱ्याला बांधलेला रबरी फुगा दिसतो. तो रबरी फुगा मायकेल फॅरडेने लंडनमध्ये प्रयोगासाठी केला १८२४ साली, म्हणजे पॅरिसच्या उड्डाणांनंतर ४१ वर्षांनी. ती उड्डाणं पाहणाऱ्या गर्दीतल्या कुणाच्या मनात तो असणं शक्यच नव्हतं. त्यांच्या फ्रेंचमध्ये 'बालाँ' शब्द आधीपासून होता, पण अर्थ होता हवा भरलेला मोठा चेंडू. तो आला इटालियनमधून. तिथे 'पाल्ला' म्हणजे चेंडू आणि 'पाल्लोने' म्हणजे मोठा चेंडू. इंग्रजीतही बलून आधी खेळायचा चेंडूच होता.

२७ ऑगस्ट १७८३ रोजी शास्त्रज्ञ जाक शार्ल यांचा हायड्रोजनचा बलून पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानातून सुटला, तेव्हा लोक भर पावसात भिजत उभे होते. त्यात माणूस नव्हता. पाऊण तासाने तो गोनेस गावाजवळ उतरला आणि घाबरलेल्या शेतकऱ्यांनी दाताळ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. मला त्यांचं नवल वाटत नाही. आकाशातून पडलेल्या त्या वस्तूला त्यांच्याकडे नावच नव्हतं. मग सरकारने जाहीरनामा काढला: ग्रहण लागलेल्या चंद्रासारखं काही आकाशात दिसलं तर भिऊ नका, ते कापडाचं यंत्र आहे, अपाय करणार नाही. त्यात 'बालाँ किंवा ग्लोब' असे दोन्ही शब्द आहेत. नाव अजून ठरायचं होतं, पण दोन्हींत गोल आकार आहे. आपल्या 'फुगा'त आकार नाही, क्रिया आहे.

ती क्रिया वर्णनात जरूर वापरा. उष्ण हवेवर उडणारा माँगोल्फिए बंधूंचा बलून कापडाचा, आतून कागद लावलेला. खाली जाळ केला की ढिली पिशवी हळूहळू ताठ होई. 'बलून फुगला' याहून नेमकं वाक्य मला सुचत नाही. 'उष्ण हवेचा फुगा' हेही चालेल, कारण आधीच्या दोन शब्दांनी जत्रा दूर होते.

'फुग्यात बसून' मात्र नको. २१ नोव्हेंबरला माणसांच्या त्या पहिल्या उड्डाणात पिलात्र द रोझिए आणि मार्की (सरदार) दार्लांद माँगोल्फिए बंधूंच्या बलूनच्या तोंडाभोवतीच्या गोल सज्ज्यात उभे होते, तोल राहावा म्हणून एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. विस्तवात पेंढा टाकत ते सुमारे २५ मिनिटं पॅरिसवरून गेले. तिथे 'बलूनच्या सज्ज्यात उभे राहून' असंच लिहावं. १ डिसेंबरला शार्ल आणि त्यांचे सहकारी रोबेर हायड्रोजनच्या बलूनने पॅरिसच्या ट्युइलरी बागेतून निघाले ते खाली टांगलेल्या आसनात बसून. त्यासाठी आपला 'पाळणा' मला फार आवडतो. भोवती जमलेली गर्दी चार लाखांच्या घरात होती असं सांगतात. त्या गर्दीला माना वर करून जे दिसलं, ते 'बलूनच्या पाळण्यात बसलेली दोन माणसं' या शब्दांत नीट उतरतं.