सूर कुणाचा, भाव कुणाचा

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

कालिदासाच्या 'मेघदूता'वरचं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते. पण पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलंस की या काव्याचा सूर करुण आहे, आणि मग चार पानं तेच सांगत राहिलीस. व्याकुळता, आर्तता, हुरहूर, तगमग असे शब्द बदलत गेले आणि म्हणणं तेच राहिलं. एवढ्याचं उत्तर समासात दोन ओळींत देता येईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाचताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. जो बोलतोय तो ज्याच्याविषयी बोलतोय त्याच्याकडे कसा बघतो? हा सूर. आणि ते ऐकताना वाचणाऱ्याच्या मनात काय दाटून येतं? हे वातावरण; तू त्याला भाव म्हण, भाववृत्ती म्हण, माझी हरकत नाही. हे दोन्ही पुष्कळदा एका दिशेला जातात, त्यामुळे आपण ते एकच समजून बसतो. मोठ्या लेखनात मात्र ते बरेचदा एकमेकांपासून फटकून असतात, आणि खरी गंमत तिथेच असते.

तू इतवारीत वाढलीस, तेव्हा मारबत तुला सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, रस्ता माणसांनी फुलून जातो आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी उठते: रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत! हे शब्द नुसते कागदावर उतरवून बघ. विषय आजाराचा, संकटाचा. सूर मात्र हुकमाचा आहे, निघून जा असं दरडावण्याचा. आणि गल्लीतलं वातावरण जत्रेचं. त्याच मिरवणुकीत महागाईवर, भ्रष्टाचारावर बडगे नावाचे पुतळे निघतात, त्यांचा सूर चक्क टिंगलीचा. विषय रोगाचा आहे म्हणून सूर गंभीर, असं कुणी लिहिलं तर तू हसशील. तुझ्या टिपणातही तसंच झालंय: विषय विरहाचा, म्हणून सूर करुण असं तू धरून चाललीस.

रस्त्यावर सूर कानावर आदळतो. पुस्तकात तो शोधावा लागतो, आणि मराठीत तो बहुतेक वेळा अगदी किरकोळ वाटणाऱ्या शब्दांत दडलेला असतो. हे बघ:

बाबा आले.
आले बाबा.
बाबा आले एकदाचे.
बाबा आले म्हणे.
बाबाही आले.

घडलंय एकच. पहिल्यात नुसती बातमी आहे. दुसऱ्यात क्रियापद पुढे आलं की दारावरची चाहूल ऐकू येते; ती आनंदाची की धास्तीची, ते पुढचं वाक्य सांगेल. 'एकदाचे'मध्ये वाट पाहून आलेला थकवा आहे. 'म्हणे' म्हटलं की बोलणारा जबाबदारीतून अंग काढून घेतो, कधी वर बोचकाराही काढतो. 'ही'मुळे आणखी कुणीतरी आधीच आलेलं आहे हे कळतं, आणि बाबांचं येणं अपेक्षित नव्हतं की काय, अशी शंका येते. कादंबरी वाचताना विशेषणांच्या मागे लागू नकोस, हे बारके शब्द पेन्सिलीने खुणाव. आणखी एक जागा सांगते. निवेदक कुणाला 'तो' म्हणतो आणि कुणाला 'ते', हे बघ. गावच्या सावकाराला 'तो' आणि त्याच्याच गड्याला 'ते' म्हणणारा निवेदक भेटला, तर त्याचा अर्धा सूर तिथेच कळला. आपल्याकडचं 'काय बे' घे ना. जिवलग मित्रही तेच म्हणतो आणि भांडायला उठलेलाही तेच. कोण, कुणाला, कुठे म्हणतोय हे कळल्याशिवाय त्या दोन शब्दांवर बोट ठेवता येत नाही.

आता 'मेघदूत'. सुरुवातीचे पाच श्लोक पुन्हा उघड. तिथे यक्ष बोलत नाही, कवी बोलतो. कुणी एक यक्ष, एवढीच ओळख, नाव नाही. कामात चुकला, धन्याने वर्षभराचा शाप दिला, बायकोपासून दूर रामगिरीवर राहतो आहे. सगळं एका दमात, हळहळ न करता सांगून टाकलेलं. मग विरहाने तो किती वाळला हे सांगायचं, तर कवी सोन्याचं कडं गळून मोकळं पडलेलं मनगट दाखवतो आणि पुढे जातो. मग आषाढाच्या पहिल्या दिवशी डोंगराला टेकलेला ढग दिसतो, टेकाडाला धडका देणाऱ्या हत्तीसारखा. यक्ष कुड्याच्या ताज्या फुलांनी त्याचं स्वागत करतो. आणि पाचव्या श्लोकात कवी मध्येच म्हणतो: धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा बनलेला हा मेघ कुठे, आणि समर्थ जीवांनी पोचवायचे निरोप कुठे! पण प्रेमाने व्याकुळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा भेद उरत नाही. हा आवाज ऐक. या माणसाला वस्तुस्थिती नीट ठाऊक आहे, तरी तो यक्षाला वेडा ठरवत नाही. पुरतं समजून घेऊन पाऊलभर दूर उभा राहिलेला असा हा सूर आहे. मला तो फार मोठा वाटतो.

मग बायकोला निरोप पोचवायची विनंती करत यक्ष मेघाशी बोलू लागतो, आणि त्याचा सूर निराळाच. काम काढून घ्यायला आलेल्या शहाण्या माणसासारखा तो आधी मेघाच्या कुळाची तारीफ करतो. थोरापाशी मागून नकार मिळाला तरी चालेल, हलक्याकडून होकारही नको, असं म्हणतो. मग वाट सांगायला लागतो: इथे टेक, या नदीचं पाणी पी, उज्जयिनी आडवाटेला आहे तरी चुकवू नकोस. निरोप पोचायची ज्याला सर्वांत घाई, तोच दूताला लांबच्या वाटेने पाठवतो! त्याच्या बोलण्यात आर्जव आहे, जिव्हाळा आहे, मधूनच रसिकता आहे. रडगाणं जवळजवळ नाही. आपल्या पोटात कालवतं ते का? ज्याच्याशी तो इतक्या अदबीने बोलतोय त्याला ऐकूच येत नाही, हे कवीने आपल्याला आधी सांगून ठेवलंय म्हणून. शेवटच्या श्लोकात तो मेघाला आशीर्वाद देतो की तुझी विजेशी क्षणभरही ताटातूट न होवो. तिथे तू 'शोकाचा कळस' असं लिहिलंस. तो कुणाच्या मनात होतो, यक्षाच्या की तुझ्या? हा प्रश्न तू स्वतःला विचारलाच नाहीस.

आणि 'करुण' हा शब्द शास्त्रानेही इथे बसत नाही. भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ, म्हणजे विरहातला, शृंगार वेगळे ठेवलेत. भेटीची आशाच सरली तर करुण. आशा शिल्लक आहे तोवर विप्रलंभ. यक्षाचे चार महिने उरलेत, हे तो निरोपात स्वतः सांगतो. ही आशा काढून टाकली तर वाटेतली गावं, नद्या, बगळे कशालाच अर्थ उरत नाही. पात्राची भावना आणि प्रेक्षकाला येणारा रस हे वेगळे धरायची सवय आपल्या परंपरेला फार जुनी आहे, तिचा फायदा घे.

छंदाकडेही लक्ष दे. 'मेघदूत' ज्या मंदाक्रांता वृत्तात आहे, त्याच्या ओळीत १७ अक्षरं, थांबे ४, ६ आणि ७ अक्षरांवर. पहिली चारही गुरू, म्हणजे जड, रेंगाळणारी. मग पाच लघू एका दमात धावतात आणि सहाव्यावर पुन्हा टेकतात. मोठ्याने म्हटल्याशिवाय हे कळणार नाही. मनातल्या मनात वाचणाऱ्याला अर्थ सापडतो, सूर निसटतो.

तू लिहिलंस की एकदा रामटेकला जाऊन हे वाचायचं आहे. जरूर जा. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी रामगिरी म्हणजे रामटेकच असं मांडलंय, आणि गडावरून आषाढाचं आभाळ बघण्यासारखं असतं. पण तिथे जे वाटेल ते सगळं काव्याच्या नावावर लिहू नकोस. वारा, उंची, सोबतीची माणसं यांचाही त्यात वाटा असेल. मे महिन्यात कूलरसमोर घामाघूम बसून वाचलेल्या कथेवर आपली चिडचिड अशीच सांडते. म्हणून निकाल देण्याआधी वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा वाच. दोन्ही वेळा जे टिकेल ते लेखनाचं.

कवी ग्रेस यांच्याविषयी विचारलंस त्याचं थोडक्यात उत्तर. 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) वाचताना अर्थ हाती लागण्याआधीच वातावरण घेरून टाकतं, आणि काही कवितांत अर्थ शेवटपर्यंत पुरता हाती लागत नाही. घाबरू नकोस. पाऊस, संध्याकाळ, आई पुन्हा पुन्हा कुठे येतात, आणि दर वेळी त्यांच्या शेजारी कोण उभं असतं, याची नोंद ठेव. तिथून रस्ता मिळतो.

आता टिपण नव्याने लिही. कवी बोलतो ते आणि यक्ष बोलतो ते आधी वेगळं कर. कुसुमाग्रज आणि शांता शेळके, दोघांचेही मराठी अनुवाद शेजारी ठेव. श्लोक तोच असून सूर बदललेला आढळला, तर बदल कोणत्या शब्दाने झाला ते शोध. असे दोनच श्लोक सापडले तरी ते आधी पाठव, बाकीचं आपण मागाहून बघू.

तुझी
काकू