वाचक विचारतात : जुन्या पिकअपचा कार्बोरेटर

प्रश्न : मी फ्रेस्नोला, कॅलिफोर्नियात राहतो. माझा १९८५ चा टोयोटा पिकअप (२२-आर इंजिन) गरम झाला की सिग्नलला बंद पडतो. बॉनेटखाली व्हॅक्यूम पाइपांचं नुसतं जंजाळ आहे. सगळे पाइप काढून वेबर ३८ कार्बोरेटर बसव, असं मित्र म्हणतात. बसवू का?

उत्तर : पाइप काढू नका. तुमच्याकडे स्मॉग चेकमधून (गाडीच्या धुराची सरकारी तपासणी) सूट आहे ती १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना. तपासणारा धूर तर बघतोच, शिवाय कुठला पाइप गायब आहे हेही बघतो.

आधी आहे तेच नीट तपासा. चाळीस वर्षांत रबर कडक होतं आणि बरोबर तोंडाशी चिरतं. इंजिन थंड असताना एकेक पाइप हाताने वाकवून बघा, चिरलेला तेवढा बदला. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला, तरी गाडी अशीच बंद पडते. तो काढून साफ करा.

एवढं करूनही जमलं नाही तर वेबर ३२/३६ घ्या. हे आकडे म्हणजे दोन गळ्यांचा, म्हणजे हवा आत जाते त्या नळ्यांचा, व्यास मिलिमीटरमध्ये. गावात लहान गळा एकटाच चालतो, ॲक्सिलरेटर जास्त दाबला की मग दुसरा उघडतो. ३८ चे दोन्ही गळे एकदम उघडतात. २.४ लिटरच्या इंजिनाला रोजच्या वापरात त्याची गरज नाही, आणि पेट्रोल जास्त लागतं. किटला तुमच्या मॉडेलसाठी राज्याचा ईओ नंबर (मंजुरीचा क्रमांक) असेल तरच पैसे द्या.

बसवताना खरी काळजी घ्यायची ती ॲडॉप्टर प्लेटची, म्हणजे इंजिन आणि नवा कार्बोरेटर यांच्यामधल्या जोडपट्टीची. माझ्या पिकअपवर नवा वेबर चढवला आणि महिन्याभरात आयडलिंग वरखाली व्हायला लागलं. आठवडाभर मी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसलो. शेवटी कार्बोरेटर उतरवला, तर प्लेटचे स्क्रू बोटांनी फिरत होते. गॅस्केटची एक कड काळी पडलेली, तिथूनच इंजिन हवा घेत होतं. आता मी ते स्क्रू थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावल्याशिवाय बसवत नाही, कारण वर कार्बोरेटर आला की ते पुन्हा हाताला लागत नाहीत. पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आसपास ठेवा. जास्त झाला तर निडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारी सुई) तो अडवू शकत नाही आणि गळ्यात पेट्रोल ओसंडतं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला पाइपांच्या आकृतीचं स्टिकर असतं. ते वाचता येत असेल तर कुठल्याही पाइपला हात लावण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.