वाचकांचे प्रश्न : ब्लॅक सॅबथ, काळी तीन आणि तुटलेलं बोट

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. दिवसभर ‘ब्लॅक सॅबथ’ ऐकतो. खोलीत त्यांचं पोस्टर लावलंय, गळ्यात मोठाले क्रूस. माझे दीर म्हणतात, ही मंडळी सैतानाची पूजा करतात. मी भजनी मंडळात पेटी वाजवते, संगीताला माझी ना नाही. पण पोराच्या कानावर काय पडतंय, ते कळायला हवं ना? — एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, दिरांना निःशंकपणे सांगा, हा बँड सैतानपूजक नव्हता. टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार), बिल वॉर्ड (ड्रम) आणि ऑझी ऑस्बर्न (गायक) ही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगार वस्तीतली पोरं. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं, मोटारींचे हॉर्न वाजवून तपासायचंही केलं. १९६८ मध्ये चौघं एकत्र आले आणि पुढच्या वर्षी एका जुन्या भयपटाचं नाव त्यांनी बँडसाठी उचललं. घाबरून घ्यायला लोक पैसे मोजून थिएटरात जातात, मग भीतीचं संगीत का असू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता.

आता क्रूस. ऑझीचे वडील कारखान्यात टूलमेकर होते. त्यांनी या पोरांसाठी धातूचे क्रूस स्वतः घडवून दिले. बापाच्या हातची वस्तू आहे ती. पहिल्या रेकॉर्डच्या आतल्या पानावर उलटा क्रूस छापला होता, त्यावरून बराच गवगवा झाला. पण तो कंपनीने परस्पर छापलेला, बँडला पत्ताही नव्हता.

गाणी बहुतेक गीझरने लिहिली, आणि तो वाढला कॅथलिक घरात. बँडच्याच नावाचं जे गाणं आहे, त्यातल्या माणसाला समोर काळी आकृती दिसते आणि तो देवाचा धावा करतो. ‘वॉर पिग्ज’मध्ये गरिबांच्या पोरांना युद्धावर धाडणाऱ्या सेनापतींवर सरळ कोरडे ओढलेत. १९७१ च्या ‘आफ्टर फॉरएव्हर’मध्ये तर देवाला हसणाऱ्यांनाच जाब विचारलाय. मुलाला शेजारी बसवून या तिन्हींचा अर्थ सांगायला लावा.

तुम्ही पेटी वाजवता, म्हणून एक गोष्ट करून बघाच. पांढरी एकचा सा धरा. मंद्रातला सा दाबा, मग मध्य सप्तकातला, आणि तिथून खाली येऊन काळी तीनवर थांबा, म्हणजे तीव्र मध्यमावर. त्या तीव्र मध्यमावरच सूर हलता ठेवा. सगळं अगदी सावकाश. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं या तीनच सुरांवर उभं आहे (त्यांचा सा वेगळा, अंतरं हीच). यमनात हाच मध्यम आपण किती प्रेमाने घेतो! तिथे त्याला गंधार आणि पंचम सांभाळून घेतात. इथे तो षड्जासमोर एकटाच उभा केलाय, म्हणून पोटात गोळा येतो. त्या दिवसांत गीझर इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला मंगळाचा भाग वाजवत असे, त्यातून आयोमीला ही सुरावट सुचली. मुलाला हे पेटीवर वाजवून दाखवाल, तर तो तुमच्याकडे बघतच राहील.

प्रश्न : ऑझी की डिओ? आमच्या ग्रुपमध्ये यावरून कायम भांडणं होतात. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघंही हवेत. पण कौल द्यायचाच, तर माझा ऑझीला. ऑझीनंतर गायक म्हणून आलेल्या रॉनी जेम्स डिओचा आवाज कितीतरी तयारीचा होता. १९७९ मध्ये ऑझीला काढल्यावर बँडने डिओसोबत केलेला ‘हेवन अँड हेल’ हा १९८० चा अल्बम अव्वल आहे, तो टाळून सॅबथ ऐकलं असं म्हणता यायचं नाही. पण डिओ गोष्ट सांगतो आणि ऑझी स्वतः त्या गोष्टीत अडकलेला वाटतो. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर तो सिंहासनावर बसून गायला, कारण पार्किन्सन्समुळे उभं राहणं जमत नव्हतं. मूळ चौघंही मंचावर होते. २२ जुलैला ऑझी गेला. तयारीचा गळा आणि खरा गळा यात मला दुसरा जवळचा वाटतो.

प्रश्न : ताई, मी एमआयडीसीत प्रेसवर काम करतो. गेल्या वर्षी डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं. गिटार शिकायची इच्छा फार आहे, पण क्लासवाले म्हणाले, आता नाद सोड. खरंच सोडू का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच सोडू नकोस. आणि हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. ज्या माणसाच्या रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीवर) अख्खं हेवी मेटल संगीत उभं राहिलं, त्याच्या दोन बोटांची टोकं तुझ्यासारखीच प्रेसमध्ये गेली होती.

टोनी आयोमी तेव्हा १७ वर्षांचा होता. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरी सोडून पूर्णवेळ वाजवायचं ठरलं होतं, तो त्याचा शेवटचा दिवस. प्रेसवर बसणारी बाई आली नव्हती, म्हणून त्याला तिथे बसवलं. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जायची इच्छा नव्हती. आई म्हणाली, सुरू केलंयस तर दिवस पुरा कर. तो गेला, आणि मधल्या बोटाची नि अनामिकेची टोकं गेली. उजव्या हाताची. पण तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

कारखान्याचा मॅनेजर त्याच्यासाठी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन आला. १९२८ मध्ये जँगोचा तारा दाबायचा हात आगीत भाजला होता आणि सगळे सोलो तो दोनच बोटांनी वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं, कानशीने घासून टोपी केली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं, चामडं तार पकडतं. बोटांना जड तारा सोसेनात आणि हलक्या बाजारात मिळेनात, म्हणून त्याने बँजोच्या तारा चढवल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या १९७१ च्या अल्बमवर तारा तीन अर्धे सूर, म्हणजे आपल्या पेटीच्या तीन पट्ट्या, खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला. शिवाय आवाज खोल गेला. गीझरचा बेस त्याच्याखाली चिकटून चालला की जमीन हलल्यासारखी वाटते. टोप्यांमुळे तार बोटाला जाणवत नाही, म्हणून तो कानावर विसंबून वाजवायला शिकला. अवघड कॉर्ड धरण्यापेक्षा दोन सुरांच्या पॉवर कॉर्डला वजन कसं द्यायचं, हे त्याने शोधून काढलं.

आता तुझं. आधी डॉक्टरांना बोट दाखव. जखमेच्या जागी झिणझिण्या किंवा कळ येत असेल तर घाई करू नकोस. ॲकूस्टिकच्या नादी लागू नको, इलेक्ट्रिक घे, सेकंड हँड चालेल. ०.००९ इंच जाडीची पहिली तार असलेला सेट लाव आणि अर्धा सूर उतरवून ट्यून कर. दुकानदाराकडून ॲक्शन खाली करून घे, म्हणजे तारा फ्रेटबोर्डाच्या जवळ येतील. पहिले काही महिने तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवरच पॉवर कॉर्ड बसव. अनामिका नंतर, टोपी घालून किंवा तशीच.

दुसरीही एक वाट आहे, आणि तुझ्यासाठी कदाचित तीच बरी. अपघात झाला तेव्हा आयोमी आधीपासून वाजवत होता. हात बदलायचा तर सगळं नव्याने शिकावं लागलं असतं. तुला नव्यानेच शिकायचंय. डावखुरी गिटार घेतलीस तर तारा उजव्या हाताने दाबायच्या, आणि ती पाचही बोटं तुझी शाबूत आहेत. प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) धरायला डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पुरे. क्लासमध्ये जाऊन दोन्ही बाजूंनी गिटार मांडीवर घेऊन बघ. डावखुरी गिटार दुकानात बहुधा तयार नसते, मागवावी लागेल. साधी गिटार उलटी करून तारा लावायच्या झाल्या, तर नट (तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बदलून घ्यायला विसरू नकोस. जाड तारेची खाच बारीक तारेला सैल पडते आणि तार खरखरते.